बीकमनच्या जागेवर

प्रिय बंड्या,

इतके महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येती बऱ्या. तुझ्या वहिनीच्या मॅमोग्राफीत काहीतरी दिसलं म्हणून पुन्हा बोलावलं होतं, गाठ साधी निघाली. सहा महिन्यांनी परत दाखवायचंय. बस.

आता खरी गोष्ट. हे तपासणी केंद्र कुठे आहे माहितेय? मॅनहॅटनमध्ये, सेकंड अव्हेन्यू आणि ६६वा रस्ता. पेटली का ट्यूब? बीकमन! 'ॲनी हॉल'मधलं आपलं बीकमन थिएटर!

वुडी ॲलन बाहेर वाट बघत उभा, दोन टगे 'तू टीव्हीवरचा ना' करून पिडतायत. ॲनी टॅक्सीतून उतरते तीच वैतागलेली. इंगमार बर्गमनचा सिनेमा सुरू होऊन दोन मिनिटं झालीत, म्हणून हा बाबा आत पाऊल टाकायला तयार नाही. तू त्याची बाजू काय हिरिरीने घ्यायचास! आणि स्वतः लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्हमध्ये पहिलं रीळ संपता संपता यायचास. असो. थिएटर १९५२चं, पाडलं २००५ला. नाव तेवढं समोरच्या दुसऱ्या थिएटरनं उचललं. मॉल झाला असता तर मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. इथे तीही सोय नाही.

तर हिचं नाव पुकारलं, पर्स माझ्या मांडीवर ठेवून ही आत गेली. आणि मी काय करत होतो? तिकीट खिडकी कुठल्या बाजूला असेल, टॅक्सी नेमकी कुठे थांबली असेल, याचा हिशेब. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत. भीती वाटायला हवी होती रे. वाटतच नव्हती. हे इथे कुणाला सांगितलं तर लगेच थेरपिस्टचा नंबर देतील. आणि हिला कुठल्या तोंडाने सांगू?

ही खोड तुझी. 'हिरो-हिरॉइन सगळे बघतात, तू मागचं बघ.' 'गॉडफादर'मध्ये मायकल आणि के रेडिओ सिटीला सिनेमा बघून निघालेत, बोर्डावर 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज'. ती लाडात विचारते, मी इन्ग्रिड बर्गमन असते तर जास्त आवडले असते का? पुढच्याच क्षणी तिला पेपरात त्याच्या बापाला गोळ्या घातल्याची बातमी दिसते. तो बिचारा फोनकडे धावतोय, आणि तू मला टाळी देतोस! कशाबद्दल? तर १९४५च्या डिसेंबरला तोच सिनेमा तिथे लागला होता, साल बरोबर जुळवलंय म्हणून. पुढच्या काकूंनी वळून असं बघितलं की मी चपला शोधायला लागलो.

लेक्सिंग्टनलाही जाऊन आलो, ५२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. 'द सेव्हन इयर इच'मध्ये मरिलिन मन्रोचा झगा उडतो ती फुटपाथवरची जाळी आहे, मागचं ट्रान्स-लक्स थिएटर गेलं. आपलं भांडण मिटव आता. १९५४च्या सप्टेंबरात मध्यरात्रीनंतर तिथे शूटिंग झालं हे खरं, पण गर्दीच्या आरडाओरड्यामुळे तो सीन पुन्हा फॉक्सच्या स्टुडिओत घ्यावा लागला. म्हणजे निम्मा तू बरोबर, निम्मा मी. मस्तानी मात्र अख्खी तू प्यायलास.

तुझे अण्णा आयसीयूत होते, तेव्हा तू हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून मला फोन केलास. 'ए स्टार इज बॉर्न', १९३७चा, हॉलिवूडच्या चायनीज थिएटरच्या अंगणातले नटाच्या पायांचे ठसे एकदाच दिसतात की दोनदा? मी तुला निगरगट्ट म्हणालो होतो. शब्द मागे घेत नाही. (दोनदा दिसतात. सुरुवातीला नायिका हौसेने त्या ठशांत उभी राहते, शेवटी तेच ठसे बघून तिचा पाय अडखळतो.) पण विचारतो, तेव्हा तुझ्या डोक्यात नक्की काय चाललं होतं? भीती नंतर आली का? कधी? मला अजून आलेली नाही, आणि रात्री झोप लागत नाही ती त्यामुळेच.

चिमीची बारावी ना यंदा? तिला आशीर्वाद. दुकान भाड्याने देऊ नकोस, मागे बोललोच आहे. काकूंचे गुडघे कसे आहेत?

तुझा,
नंदू

ता. क. उत्तर पत्रानेच दे. व्हॉट्सॲपवर यातलं अक्षर नको, माझा फोन ही बघते.