आई, मधला रकाना जपून लिही

ती. आई-बाबांना सा. न.,

आई, पुस्तकं पोचल्याचं बाबांकडून कळलं. बालविकास व मानसशास्त्राच्या या प्राथमिक प्रमाणपत्राला पाठांतर थोडंच आहे. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या, मुलांच्या विचारांच्या वाढीच्या चार अवस्था वयांसकट लक्षात ठेव: जन्मापासून २ वर्षं, २ ते ७, ७ ते ११ आणि त्यापुढची. ही वयं ढोबळ आहेत, हेही उत्तरात लिही. बाकी सारा जीव निरीक्षणवहीत आहे.

एकच लेकरू, एकच जागा, १५ मिनिटं. त्याच्या आईला आधी विचार आणि वहीत नावाऐवजी एखादं अक्षर घाल. पानावर तीन रकाने आख: वेळ, दिसलं-ऐकलं, अनुमान. बाबा, घड्याळ तुम्ही सांभाळा, म्हणजे आईची नजर लेकरावरून हलणार नाही. चूक होते ती मधल्या रकान्यात. "चिडका आहे" हे दिसत नाही, ते आपण ठरवतो. दिसतं ते असं: "१०.१२. दुसऱ्याने लाकडी बैल घेतला. ओरडला. दोन्ही हातांनी ओढला. सुटेना, तेव्हा ओसरीच्या खांबामागे जाऊन बसला." तो कधी जेवला, कधी झोपून उठला हेही वर टिप, भुकेल्या लेकराच्या रडण्याला लोक हट्ट म्हणून मोकळे होतात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र वही उघडू नको, गर्दीत पोरं बुजतात. नंतरच्या आठवड्यात बघ. पोळ्याचा तोच लाकडी बैल अंगणात येतो, त्याच्यापुढे पानांचा चारा पडतो, रिकाम्या वाटीतून त्याला पाणी पाजलं जातं. वाटीत पाणी नाही हे पोराला ठाऊक असतं. एक वस्तू दुसरीच्या जागी धरायची, ही दुसऱ्या अवस्थेची मोठी खूण, आणि मला तीच सगळ्यांत सुंदर वाटते.

भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे लेकराला कळतं का, ते बघायच्या पाण्याच्या प्रयोगाला स्टीलचे गिलास चालत नाहीत, पातळी दिसत नाही. काचेचे दोन सारखे गिलास आणि एक उंच, अरुंद काचेची बरणी घे. दोन्ही गिलासांत सारखं पाणी भर. "सारखंच आहे" असं लेकराने स्वतः म्हटल्यावरच एका गिलासातलं बरणीत ओत. सांडलं तर पुन्हा पहिल्यापासून. ५ वर्षांचं बहुधा बरणीतलं जास्त म्हणतं, ७-८ वर्षांचं सारखंच. "का?" विचार आणि उत्तर जसंच्या तसं, वऱ्हाडीतच लिही. ओतल्यानंतर तोच प्रश्न दोनदा विचारू नको. आपलं चुकलं असं वाटून पोरं उत्तर बदलतात.

आणखी एक, वयाचं. २ महिने आधी जन्मलेलं ८ महिन्यांचं बाळ विकासाच्या हिशेबात ६ महिन्यांचं धर. २ वर्षांपर्यंत हाच हिशेब. पण १८ महिने उलटूनही चालत नसेल, २ वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून घरच्यांना थांबू देऊ नको. आरोग्य केंद्रात दाखवायला सांग. बोलणं लांबलं असेल तर आधी कान तपासून घ्यायचे. "मंद" हा शब्द वहीत कुठेही नको, निदान आपलं काम नाही.

रविवारी फोन करते. पहिल्या निरीक्षणाचा मधला रकाना तेवढा वाचून दाखव. माझं अनुमान मी सांगते, मग तुझ्याशी ताडून पाहू.

तुमची लेक