राऊटरचा दुसरा पासवर्ड

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "वायफायला पासवर्ड आहे, कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस आहे, मग आता राहिलं काय?" फोनवर ते धड सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र समोर ठेवून चिनूबरोबर एकेक गोष्ट करा.

राऊटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, आपण पाहुण्यांना सांगतो तो. दुसरा राऊटरच्या सेटिंगचा, आणि तो बहुतेक घरांत कुणी कधी बदललेलाच नसतो. राऊटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. जुन्या मॉडेलवर तिथे बारीक अक्षरांत युजरनेम 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन' छापलेला सापडतो. त्या मॉडेलच्या प्रत्येक राऊटरला तीच जोडी असते.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" असं तुम्ही नेहमी म्हणता. बाबा, त्यांना आपलं काही नको असलं तरी आपला राऊटर हवा असतो. २०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, पसरलं. कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी घेऊन ते इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राऊटर शोधायचं आणि एकेक जोडी लावून बघायचं. एवढ्याशा युक्तीने लाखो उपकरणं त्याच्या हाती लागली. त्या ऑक्टोबरमध्ये अशाच उपकरणांकरवी साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर एकाच वेळी प्रचंड मागण्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास असंख्य लोकांना उघडेनात. ज्यांच्या घरचे कॅमेरे यात राबवले गेले, त्यांना याचा पत्ताही नव्हता.

आपलंही नुकसान होऊ शकतं. राऊटरमध्ये शिरलेला माणूस डीएनएसची सेटिंग बदलू शकतो. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तीच खोटी झाली, तर तुम्ही बँकेचं नाव अचूक टाईप करूनही भलत्याच ठिकाणी पोचाल. अशा वेळी ब्राउझर बहुधा 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं बजावतो. ते दिसलं की 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, खिडकी बंद करायची. हे आईलाही सांगा.

आता कामाला लागा. कॉम्प्युटर शक्यतो केबलने राऊटरला जोडा आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नेमका आकडा स्टिकरवर असतो. आधी तो दुसरा पासवर्ड बदला. लांबलचक ठेवा आणि डायरीत लिहून ठेवा. लिहू नये असं लोक म्हणतात, पण दूर बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटातल्या डायरीपर्यंत पोचत नाही, आणि विसरलात तर राऊटर रीसेट करून सगळं पुन्हा भरावं लागेल. त्याच पानावर इंटरनेट कंपनीने दिलेलं कनेक्शनचं युजरनेमही उतरवून घ्या, रीसेटनंतर ते लागू शकतं.

मग फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. आपोआप अपडेटची सोय असेल तर ती चालू ठेवा.

चिनू म्हणत होता, "बाहेरून राऊटर उघडायची सोय चालू करू, म्हणजे ताई तिकडून बघेल." ती मुळीच चालू करू नका, असेल तर बंद करा. मला इथून उघडता येईल अशी वाट इतरांनाही सापडते.

डब्ल्यूपीएस, म्हणजे लांब पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, तीही बंद करा. याचं कारण नीट सांगते. त्यात आठ आकड्यांची पिन असते. आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणजे एक कोटी शक्यता. पण राऊटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला तुकडा चुकला की तेवढ्यावरच तसं सांगून मोकळा होतो. त्यामुळे पहिल्या चार आकड्यांसाठी १०,००० आणि पुढच्या तिनांसाठी १,०००, असे फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. कॉम्प्युटरला ते काही तासांचं काम. २०११ मध्ये हे उघडकीला आलं, तरी कित्येक राऊटरमध्ये ती सोय अजून चालू असते.

वायफायच्या सुरक्षेच्या प्रकारांतून डब्ल्यूपीए३ निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२. फक्त जुनं, सहज फुटणारं डब्ल्यूईपीच दिसलं तर तो राऊटरच बदला. पासवर्डमध्ये चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक लिहा, नावं आणि जन्मतारखा नकोत. नेटवर्कचं नाव लपवायच्या फंदात पडू नका, त्याने काही साधत नाही. पाहुण्यांसाठी आणि टीव्हीसाठी मात्र गेस्ट नेटवर्क वेगळं करा.

कॉम्प्युटरबाबत माझा आग्रह अपडेटचा आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर, पसरलं आणि जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. ज्या फटीतून ते शिरलं, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. 'नंतर आठवण करा' हे बटण तुम्ही फार दाबता, म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोज ११ चढते का ते चिनूला बघायला सांगा.

चिनू, तुझ्यासाठी एक खोली वेगळी, तसं एक खातंही वेगळं उघड, अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं. क्रॅक केलेले गेम उतरवणं आजपासून बंद. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणाऱ्या फाईलमध्ये काय असणार, हे तुला कळायला हवं.

फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि झाल्यावर ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाईलीही कुलूपबंद करतं.

राऊटरचं नेमकं मॉडेल कळवा. त्याला कंपनी अजून अपडेट देते का, ते मी शोधते. देत नसेल तर या महिन्यातच नवा घेऊ.

आईला नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुमची,
मीनू