नर्सिंगला पाठवण्याआधी वॉर्ड पाहून घे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हाती आले. झडी लागली की आमच्याकडे ताप, सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा हे तिन्ही एकाच वेळी येतात, म्हणून उत्तराला उशीर झाला. राग मानू नकोस. मुलीने बारावीनंतर नर्सिंगचे मनावर घेतले आहे, वहिनींचा होकार आहे, तुझ्या आईचा नकार आहे आणि तू मधल्या मध्ये अडकला आहेस, हे वाचून हसू आले. तू पाठवलेली तिन्ही माहितीपत्रके मी वाचली. इमारत, वसतिगृह, बस आणि गणवेश यांची छायाचित्रे त्यांत भरपूर आहेत. परंतु मुली ज्या रुग्णालयात शिकणार, त्याविषयी एका पत्रकात दोन ओळी आहेत आणि उरलेल्या दोहोंत तेवढ्याही नाहीत. मला जे सांगायचे आहे ते त्या दोन ओळींबद्दलच.

आधी अभ्यासक्रमाचे उरकतो. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) 2 वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या, ही पदविका) आता 3 वर्षांचा (आमच्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता) आणि बी.एस्सी. नर्सिंग ही 4 वर्षांची पदवी. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, प्रवेशाला राज्याची सीईटी द्यावी लागते आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जीएनएम झालेल्यालाही पुढे 2 वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, म्हणजे दार बंद होत नाही. खरा फरक नोकरीचा अर्ज भरताना कळतो. एम्सच्या परिचर्या अधिकारी पदासाठी नॉर्सेट नावाची परीक्षा असते; बी.एस्सी. झालेली मुलगी परिचर्या परिषदेकडे नोंदणी होताच तिला बसू शकते, जीएनएम झालेल्याला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तुझ्या मुलीला विज्ञान आहे, गुण बरे आहेत आणि घरची चार वर्षे थांबायची तयारी आहे, तेव्हा तिला बी.एस्सी.च करू दे. माझी फी त्या वर्षीच्या कापसाला काय भाव मिळतो यावर ठरायची, म्हणून मी जीएनएम केले, आणि त्यात माझे काही बिघडले नाही.

आता मुख्य मुद्दा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार संस्थेचे स्वतःचे 100 खाटांचे रुग्णालय हवे, त्यातल्या निदान 75 टक्के खाटा भरलेल्या हव्यात आणि एका विद्यार्थ्यामागे 3 रुग्ण हवेत. कागदावर हे सगळ्यांकडे असते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीने सांगितले, की तिच्या संस्थेत तपासणी येणार म्हटले की आसपासच्या गावांतली माणसे जेवणखाण आणि रोजी देऊन खाटांवर निजवली जात आणि मुली त्यांच्या नाडीचे तक्ते भरत बसत. अशी मुलगी परीक्षेत पहिली येते, तिची जर्नले सुबक असतात. पण तिने इंजेक्शन दिलेले असते ते बहुतेक पुतळ्यालाच. नोकरीच्या पहिल्या रात्री तिच्यापुढे खरे माणूस झटके देत येते, तेव्हा तिचा जीव अर्धा होतो, आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

म्हणून तू कामकाजाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, कोणाला न कळवता जा आणि पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड व प्रसूती कक्षाबाहेरची गर्दी पाहून ये. खाटांखाली डबे, पिशव्या, चपला दिसल्या, व्हरांड्यात नातेवाईक बसलेले दिसले, तर ते शिकायचे ठिकाण आहे असे समज. चादरी कोऱ्या आणि वॉर्डात चिडीचूप असेल, तर फी कितीही कमी सांगितली तरी परत फिर. नागपूरचे मेडिकल, मेयो, बाळंतपणांसाठी डागा, यवतमाळचे शासकीय रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा, या ठिकाणी खाट रिकामी मिळणे कठीण. अशा रुग्णालयांत ज्या संस्थांच्या मुली रोज असतात, त्यांचा विचार आधी कर.

पहिल्या वर्षी तिला वाटेल की आपल्याला खाटा आवरायलाच आणले आहे. चादर ताणून कोपरे दुमडणे, न उठणाऱ्या रुग्णाला खाटेवरच आंघोळ घालणे, तोंडाची स्वच्छता, तापमान-नाडी-श्वसन यांचा तक्ता, बेडपॅन. रागाने फोन करील. तिला परत बोलावू नकोस. रुग्णाला कुशीवर वळवताना माकडहाडावरची लालसर झालेली कातडी जिला दिसली, तिला रुग्णाचे शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) होण्याआधीच कळले. आणि ते चादर बदलल्याखेरीज दिसत नाही. शरीररचनाशास्त्राची इंग्रजी पुस्तके पहिले सहा महिने आपल्याकडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांना रडवतात, पण सगळ्यांना सारखीच रडवतात आणि मग सवय होते. गणिताची मात्र तिला भीती नको, मास्तरच्या घरची आहे. 500 मिलिलिटर सलाईन 4 तासांत द्यायचे, संचातून 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो, तर मिनिटाला किती थेंब? सुमारे 42. हे तिला घड्याळाकडे पाहत, चाकी फिरवत, शेजारच्या खाटेवरची आजी हाका मारत असताना करता आले पाहिजे, एवढाच शाळेतला आणि वॉर्डातला फरक.

2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तुला आठवत असेलच. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो. त्या वर्षी पराटी (कपाशी) माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून माणूस आणायचे. तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा रुग्णाला औषध चालू होत असतानाच परिचारिकेने दुसरी एक गोष्ट करायची असते: हातमोजे घालून त्याचे सगळे कपडे काढायचे आणि साबण-पाण्याने केस, नखे, काखा, जांघा धुवायच्या, कारण विष कातडीवाटे आत जातच असते. नातेवाईकांना हे पटत नाही. "सायब, थो मरून रायला अन् तुमी त्याले आंघोळ घालता का?" असे मला एकाने विचारले होते.

मग ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचे औषध. त्याची एक कुपी 0.6 मिलिग्रॅमची असते आणि डॉक्टर 3 मिलिग्रॅम सांगतात तेव्हा 5 कुप्या फोडाव्या लागतात. छातीतली घरघर थांबेपर्यंत दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट होत जाते. डॉक्टर एक आणि रुग्ण अनेक, तेव्हा मधल्या वेळात छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसे कोरडी झाली का, नाडी किती आहे, कातडी सुकली का, हे पाहणारा आणि लिहिणारा परिचारकच असतो. ॲट्रोपिन जास्त झाले तर रुग्ण बरळतो, चादर चिमटीत धरून ओढत राहतो, अंग तापते, लघवी अडते. आणि नातेवाईक येऊन सांगतात की त्याला विष अजून चढतेच आहे. या दोन अवस्था एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. आमच्या परिसेविकाबाई (आम्ही त्यांना इनचार्ज सिस्टरच म्हणायचो) प्रत्येक खाटेपाशी उभे करून विचारत, "काय दिसते ते सांग, काय वाटते ते सांगू नको."

त्यांचीच आणखी एक सवय मी उचलली आहे. विषबाधेचा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरचे पेढे आणण्याची भाषा करू लागतात. बाई अशा वेळी दर फेरीला त्याला म्हणत, "भाऊ, उशीवरून मान उचलून दाखवा." एकदा एका तरुणाला, जो सकाळी माझ्याशी तुरीच्या भावावर बोलत होता, दुपारी ती मान उचलता आली नाही. तो हसून म्हणाला, "थकलो, बाकी काई नाई." बाईंनी त्याच क्षणी डॉक्टरांना बोलावले. ही विषबाधा 1 ते 4 दिवसांनी पुन्हा उलटून मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू लुळे करू शकते. संध्याकाळी तो कृत्रिम श्वसनयंत्रावर होता, आणि काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी एसटीत बसून गावी गेला. तुझ्या आईला सांग, नर्सबाई म्हणजे सुई टोचणारी, हे तिचे मत मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी त्या तरुणाला सुईने वाचवले नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेही तसेच आहे. आपल्या विदर्भात हा आजार घरोघर नाही म्हणता येणार, पण ओपीडीत रोज दिसतो. हाडे ठणकणारा पोरगा रात्री दोनला वेदनाशामक मागतो, बाहेरून त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही, आणि नवखी परिचारिका त्याला नाटकी ठरवते. अशा वॉर्डात शिकलेली मुलगी तसे करीत नाही. ती त्याला पाणी, सलाईन, पांघरूण देते आणि वेदनेला अंक विचारून तक्त्यात लिहिते. सामुदायिक परिचर्येच्या पोस्टिंगला आम्ही कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) जायचो तेव्हा पिशवी कशी उघडायची इथपासून शिक्षण असे: आधी वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर पिशवी, साबण-टॉवेल वर, हात धुतल्याशिवाय आत हात घालायचा नाही. परीक्षकांना ते फार आवडते. मला मात्र तिथे जास्त उपयोग झाला तो बाजेवर बसून नुसते ऐकून घेण्याचा.

नोकरीबद्दल थोडक्यात. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी करावी लागते आणि ती दर 5 वर्षांनी नूतन करावी लागते. सरकारी भरती निघेपर्यंत बहुतेक जण खासगी रुग्णालयात किंवा आरोग्य अभियानात कंत्राटी लागतात. कंत्राटी पगार वेळेवर येईलच असे नाही, हे गृहीत धरून घरखर्च आख. खासगीत एक गोष्ट तिला आताच बजावून ठेव: मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायची नाहीत. मी जिथे पहिल्यांदा लागलो तिथे बंधपत्राच्या नावाखाली ती काढून घेतली होती आणि सोडवून आणताना वडिलांना तीन खेपा घालाव्या लागल्या. छायांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. आणि पहिली दोन वर्षे पगारापेक्षा गर्दीच्या वॉर्डाला महत्त्व द्यावे. अतिदक्षता विभाग मिळाला तर दुधात साखर.

आईची खरी अडचण रात्रपाळीची आणि लग्नाची आहे, हे तू लिहिले नाहीस तरी मला समजले. रात्रपाळी टळत नाही, तेव्हा रुग्णालयापासून वसतिगृह किती अंतरावर आहे, मुली रात्री आठला जातात तेव्हा सोबत कोण असते, पहाटे परतीची काय सोय, हे संस्थेला विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे आणि नीट उत्तर न देणारी संस्था सोडून द्यावी. लग्नाचे म्हणशील तर माझे पाहा. "मुलगा काय करतो?" "नर्स आहे." यावर दोन सोयरिका चहा न पिता उठून गेल्या होत्या. गावातले लोक मला आजही कधी डॉक्टर म्हणतात, कधी कंपाउंडर. ब्रदर म्हणणारे फक्त वॉर्डातले. मुलींच्या बाबतीत हवा बदलली आहे, सरकारी नोकरीतली परिचारिका सून म्हणून हवी असणारी घरे आता मीच चार दाखवीन.

प्रवेशाच्या फेऱ्यांचे वेळापत्रक सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहत राहा. जातप्रमाणपत्र, जातवैधता, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला या कामांना तहसीलच्या खेपा लागतात, त्यांना आत्ताच हात घाल. माझ्या ओळखीच्या एका मुलीची शासकीय जागा फक्त वैधतेच्या कागदावाचून गेली. संस्था पाहायला निघशील तेव्हा मुलीला सोबत ने आणि आधी माझ्याकडे उतर. बुधवारी इथला बाजार असतो, ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा बुधवारच धर. माझी सकाळची पाळी दोनला संपते. पुढच्या पाळीला ओव्हर देऊन (रुग्ण सोपवून) मी मोकळा झालो की आपण तिघे घरी जेवू आणि संध्याकाळच्या गाडीने तुम्ही यवतमाळला निघा.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग दंडवत. सोयाबीनवर यंदा पिवळा मोझॅक रोग कितपत आहे ते कळव. आणि फवारणीला माणूस लावशील तर त्याला तोंडाला बांधायला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा तूच दे. तो स्वतःहून घालणार नाही.

तुझा मित्र