चालायला सोबत हवी, टेकायला खुर्ची

बागेत रोज फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांचे आमच्यावाचून काही अडत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा चालण्याचा उपक्रम आहे तो घरात अडकलेल्यांसाठी: कारण नसताना वजन उतरलेले, हाताची पकड सैल झालेली, फाटकापर्यंत जाऊनच दमणारे. त्यांना नुसते ‘भरभर चाला’ म्हटले तर ते पडतात. एकदा पडले की भीतीने बाहेर निघत नाहीत आणि पायांत होते ते बळही जाते.

अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चालण्याला पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम जोडलेल्या गटात, नुसती आरोग्याची माहिती मिळालेल्यांपेक्षा कमी जणांनी ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावली. ४०० मीटर म्हणजे दूध, देऊळ, रिक्षास्टँड.

आमचा मार्गही तेवढाच आहे. निघण्यापूर्वी रक्तदाब बसून मोजतो, उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर त्या दिवशी चालणे नाही. घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचे. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला १२ सेकंदांहून अधिक लागले, तर स्वतंत्र सोबती. सुरुवातीला नुसती खुर्चीतून उठबस, पाच-पाच वेळा. मग ५० मीटर आणि विसावा. बोलताना वाक्य तुटू लागले की थांबायचे.

सर्वात मोठी गरज सोबत्यांची आहे: आठवड्यातून तीन सकाळी, ४५ मिनिटे. दंड धरून ओढायचे नाही. दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहायचे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात आहे ना, तिची मूठ मनगटाच्या रेषेइतकी उंच आहे ना, हे पाहायचे. एवढे आम्ही शिकवतो.

वस्तूंमध्ये ५० मीटरला एक याप्रमाणे ८ खुर्च्या हव्यात, हात असलेल्या आणि जड. बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्च्या कृपया देऊ नका. उठताना जोर कशावर देणार? दंडाला पट्टा बांधायची रक्तदाबाची २ यंत्रे, ग्लुकोजच्या पुड्या (इन्सुलिन घेऊन उपाशी येणारे असतातच) आणि काठीची रबरी बुचे हवीत. झिजलेले बूच ओल्या फरशीवर सरकते. वापरलेल्या चपला नकोत.

पेव्हर ब्लॉक उखडलेल्या दोन ठिकाणी मिस्त्रीचे एक दिवसाचे काम आहे. आणि मार्गावरच्या सोसायट्यांना विनंती: तळमजल्यावरचे शौचालय तेवढा वेळ उघडे ठेवा. वाटेत लघवी लागेल या धास्तीने बरेच जण येत नाहीत; बायका तर कारणही सांगत नाहीत. आम्हाला हे खुर्च्यांइतकेच मोलाचे वाटते.

वस्तू आणि धनादेश संघाच्या कार्यालयात संध्याकाळी स्वीकारले जातील. धनादेश संघाच्या नावे काढावा, पावती जरूर घ्यावी. सोबती म्हणून येणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पायात बूट घालून यावे.

— कार्यकारिणी, ज्येष्ठ नागरिक संघ