लोक अ‍ॅप का घेत नव्हते: संजयला पत्र

प्रिय संजय,

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. उत्तर लगेच लिहायला बसलो होतो, पण दोन ओळींच्या पुढे सरकेना. आपल्या दोघांत कोरोनाच्या अ‍ॅपवरून, म्हणजे बाधित माणसाच्या जवळ आलेल्यांना फोनवर सावध करणाऱ्या अ‍ॅपवरून, एक जुनी ठसठस आहे आणि ती तशीच ठेवून पुढचं लिहिणं मला जमत नव्हतं. म्हणून आधी तेवढं मोकळं करतो.

2020 मध्ये तुझे बाबा आजारी पडले, तेव्हा त्यांना लागण कुठून झाली हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसांत तू मला फोनवर विचारलं होतंस, "तू तरी अ‍ॅप घेतलंयस का?" मी नाही म्हणालो. "तुझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसानेच नाही घ्यायचं, तर मग कोणी?" एवढं बोलून तू फोन ठेवलास. माझ्याकडे कारणं होती. पण ज्याचा बाप ऑक्सिजनवर आहे त्याच्यापुढे कारणं मांडू नयेत, असं वाटून मी गप्प बसलो. बाबा बरे होऊन घरी आले, आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं, तो विषय मात्र दोघांनीही टाळला. आता पुढच्या साथीसाठी असं अ‍ॅप कसं असावं हे ठरवणाऱ्या गटात तू आहेस आणि लोक ते का घेत नाहीत, असं मलाच विचारतोयस. त्या वेळी गिळलेलं उत्तर आज देतो.

"जनजागृती कमी पडली" असं तू लिहिलंयस. हे वाक्य मला खटकलं. तुमच्या गटात बहुतेकांचं हेच मत असणार. पण ज्यांनी अ‍ॅप घेतलं नाही, त्यातल्या कितीतरी जणांना ते कशासाठी आहे हे चांगलं कळलं होतं. त्यांच्या मनात वेगळीच शंका होती आणि ती विचारायची कुणाला, हेच त्यांना कळत नव्हतं.

मी हे कशावरून म्हणतो ते सांगतो. तुला आठवत असेल, त्या वर्षी चार महिने मी स्वयंसेवक म्हणून संपर्कशोधाचे फोन करत होतो. सकाळी बाधितांची यादी यायची. एकेकाला फोन लावायचा, आधी तब्येत विचारायची, मग गेल्या काही दिवसांत कुठे गेलात, कुणाजवळ बसलात, किती वेळ बसलात, हे विचारत जायचं. एकदा एका बाईंना फोन लावला. खूप हळू आवाजात बोलत होत्या. मागे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. "मी कुणालाच भेटले नाही, घरातच होते," म्हणाल्या. मी 'संपर्क: नाही' अशी नोंद केली आणि पुढच्या नावाकडे वळलो. पाऊण तासाने त्याच नंबरवरून फोन आला. आता मागे सगळं शांत होतं. "मघाशी घरचे जवळ होते," त्या म्हणाल्या. "मी नाव सांगितलं तर माझ्याकडून कळलं, हे त्याला कळणार नाही ना?" मी म्हटलं, नाही, तुमचं नाव कुणालाही सांगितलं जात नाही. त्या थांबल्या. "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग त्यांनी दोन नावं सांगितली. त्यातला एकजण पुढे पॉझिटिव्ह निघाला. त्याच्या घरात त्याची म्हातारी आई होती आणि तिला वेळेवर दुसऱ्या खोलीत ठेवता आलं.

तो "नक्की?" माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. त्या बाईंना संपर्कशोध म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. आपण बोललो तर आपलं काय होईल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी माणूस होतो, माझा आवाज ऐकून त्यांनी ठरवलं. अ‍ॅपला "नक्की?" कसं विचारणार?

आता हेही खरं, की मी फोनवरून जे करत होतो त्यापेक्षा अ‍ॅप जास्त करू शकतं. लोक आठवणीतली नावं सांगतात, पण बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव कोण सांगणार? तिथे अ‍ॅपच उपयोगी. फोन ब्लूटूथवरून एक आकडा सोडत राहतो, जवळचा फोन तो टिपून ठेवतो. अ‍ॅपल आणि गूगलने 10 एप्रिल 2020 रोजी मिळून जी पद्धत जाहीर केली, तिच्यात हा आकडा दर 10 ते 20 मिनिटांनी बदलतो, म्हणजे त्यावरून कुणाचा माग काढणं अवघड. एखादा बाधित निघाला आणि त्याने होकार दिला तरच त्याच्या फोनच्या किल्ल्या, म्हणजे ते आकडे ज्यांतून तयार होतात ते संकेत, सर्व्हरवर जातात, आणि जुळणी प्रत्येकाच्या आपापल्या फोनमध्येच होते. कोण, कुठे, कुणाबरोबर होतं, हे मधल्या कुणालाही कळत नाही. दुसऱ्या पद्धतीत ही जुळणी सरकारच्या सर्व्हरवर होते. लोकांच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक त्यांना कुणी धड सांगितलाच नाही.

सांगितलाच नाही इथपर्यंतही ठीक होतं, पण फोन त्यांना उलटंच सांगत होता. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ब्लूटूथने आसपासचे फोन शोधायचे तर लोकेशन चालू ठेवावंच लागायचं. अ‍ॅपला तुमचा ठावठिकाणा नको असला तरी! कल्पना कर. माहितीपत्रकात लिहिलंय, "आम्ही तुमचं लोकेशन घेत नाही." माणूस ते वाचतो, विश्वास ठेवतो, इन्स्टॉल करतो आणि दुसऱ्याच मिनिटाला फोन म्हणतो, "लोकेशन चालू करा." माझ्या थोरल्या बहिणीचं बोट तिथेच अडकलं होतं, मी समोर बसलो होतो. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, "हे तर घेणार नव्हते ना?" मी अर्धा तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि अ‍ॅप काढून टाकलं. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तरी माझ्या शब्दांपेक्षा डोळ्यांसमोरच्या पडद्यावरच विश्वास ठेवला असता. त्यात काही अ‍ॅप्स खरोखरच जीपीएसवरून जागा नोंदवत होती, आपल्याकडचं आरोग्य सेतूही. म्हणजे कुठलं अ‍ॅप काय घेतं हे ओळखायला माणसाकडे काहीच साधन नव्हतं.

अ‍ॅप बॅटरी खातं या तक्रारीला तुम्ही लोक सबब म्हणता, तेही सोडून द्या. सिंगापूरच्या पहिल्या अ‍ॅपसाठी आयफोनवाल्यांना अ‍ॅप पडद्यावर उघडं ठेवून फिरावं लागत होतं. दिवसभर असं कोण करेल?

आता त्या साठ टक्क्यांबद्दल, कारण तुझ्या पत्रात तो आकडा तीनदा आलाय. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2020 च्या एप्रिलमध्ये मांडलं होतं, की सुमारे 60 टक्के लोकांनी अ‍ॅप वापरलं तर साथ थांबवता येईल. त्याच लोकांनी त्याच वेळी हेही सांगितलं होतं, की याहून कमी लोकांनी वापरलं तरी लागण आणि मृत्यू कमी होतील. बातम्यांत पहिला अर्धा भाग राहिला, दुसरा गळला. लोकांनी काय ऐकलं? "साठ टक्के झाले नाहीत तर उपयोग शून्य." मग जो तो आजूबाजूला बघू लागला. हा घेत नाही, तो घेत नाही, साठ काही होत नाहीत, मग मी एकट्याने घेऊन काय होणार? हा मला सगळ्यात मोठा घात वाटतो, संजय. कुणी वाईट हेतूने केला नाही, पण एका अर्धवट सांगितलेल्या आकड्याने अनेकांना घरबसल्या कारण दिलं. त्यांत मीही होतो.

घेऊ म्हणणं आणि घेणं यात किती अंतर असतं, हेही तुमच्या गटापुढे ठेव. त्या वर्षी फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांत झालेल्या एका पाहणीत जवळपास तीन-चतुर्थांश लोक म्हणाले होते, असं अ‍ॅप आलं तर आम्ही नक्की किंवा बहुधा घेऊ. फ्रान्सचं स्टॉपकोविड 2 जूनला आलं. पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे 19 लाख डाउनलोड झाली, त्यातली 4 लाख 60 हजार लोकांनी काढूनही टाकली, आणि धोक्याची सूचना गेली ती अवघ्या 14 जणांना. सप्टेंबरमध्ये खुद्द पंतप्रधान जाँ कास्तेक्स यांनी टीव्हीवर कबूल केलं, की आपण ते डाउनलोड केलेलं नाही. हे ऐकल्यावर लोकांनी तरी का घ्यावं?

आणि सिंगापूर. ही गोष्ट तू गटातल्या प्रत्येकाला सांगच. जगातल्या अशा पहिल्या काही अ‍ॅप्सपैकी एक, ट्रेस टुगेदर, 20 मार्च 2020 रोजी तिथे सुरू झालं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांना गळ्यात अडकवायचं छोटं यंत्र दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. माहिती फक्त संपर्कशोधासाठीच वापरू, असा शब्द दिला होता. 2021 च्या जानेवारीपर्यंत बहुसंख्य लोक त्यात आले होते. आणि 4 जानेवारीला संसदेत मंत्र्यांनी सांगितलं, की फौजदारी कायद्यानुसार पोलीस ही माहिती मागू शकतात. खुनाच्या एका तपासात ती मागितलीही गेली होती. शब्द देणारे मंत्री विवियन बालकृष्णन यांनी दुसऱ्याच दिवशी कबूल केलं, की तो शब्द देताना हा कायदा आपल्या लक्षात आला नव्हता. फेब्रुवारीत नवा कायदा करून वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता बांधला. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. त्यांनी चूक मान्य केली, हे थोडं नाही. पण त्या बाईंनी मला "नक्की?" विचारलं, मी "नक्की" म्हणालो, आणि वर्षभराने मला कळवावं लागलं असतं, की ताई, एक कलम माझ्या लक्षातच आलं नव्हतं, तर? पुढच्या साथीत त्यांनी माझा फोन उचलला असता का?

नॉर्वेने वेगळं केलं. तिथलं अ‍ॅप जागेची माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर साठवत होतं. माहिती संरक्षणाच्या यंत्रणेने आक्षेप घेतला आणि 2020 च्या जूनमध्ये ते थांबवून गोळा केलेली माहिती पुसून टाकली. डिसेंबरमध्ये नवं अ‍ॅप आलं, जुळणी फोनमध्येच करणारं. सहा महिने गेले, साथीत ते फार असतात. तरी मला तोच रस्ता बरा वाटतो.

सक्तीचा विषय तू शेवटी, जरा चाचरतच काढलायस. आपल्याकडे 1 मे 2020 च्या आदेशाने सगळ्या कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू बंधनकारक झालं, आणि 17 मेच्या आदेशात ते शक्य तितका प्रयत्न करण्यावर आलं. मी तोवर घ्यावं की नाही अशा दोलायमान अवस्थेत होतो. सक्ती ऐकली आणि मन मिटून गेलं. सक्तीने अ‍ॅप फोनवर येईल, पण ब्लूटूथ बंद करायला एक बोट पुरतं. आणि पॉझिटिव्ह आल्यावर ते सांगण्याची सक्ती कशी करणार? सगळा डोलारा तर त्या एका कबुलीवर उभा आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती: सूचना आल्यावर पुढे काय? रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला ती सूचना म्हणजे दोन आठवड्यांची मजुरी बुडणं. मला फोनवर एकजण म्हणाला होता, "साहेब, मला धोका आहे ते कळलं. आता घरी बसू तर खाऊ काय, ते पण सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्लंडमध्ये 2021 च्या जुलैत एकेका आठवड्यात सहा लाखांवर सूचना जाऊ लागल्या, तेव्हा लोकांनी अ‍ॅप काढायला सुरुवात केलीच. नुसता इशारा देऊन सोडून देणाऱ्या अ‍ॅपला माणूस किती दिवस जवळ ठेवील? तुझ्या गटात भरपाईची चर्चा नसेल, तर तू ती काढ, हे मी हक्काने सांगतोय.

त्याच इंग्लंडचं एक संशोधन 2021 मध्ये 'नेचर'मध्ये आलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 28 टक्के लोक अ‍ॅप नियमित वापरत होते. साठ नव्हे, अठ्ठावीस. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे 17 लाख सूचना गेल्या आणि त्यामुळे काही लाख लागणी टळल्या, असा त्यांचा अंदाज आहे. पद्धतीनुसार तो सुमारे पावणेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातो. ते वाचलं त्या रात्री मला तुझे बाबा आठवले. त्यांना लागण ज्याच्याकडून झाली, त्याच्या फोनमध्ये असं काही असतं तर? आणि मी न घेतल्यामुळे दुसऱ्या कुणाचे बाबा? माझी कारणं खरी होती, अजूनही खरी आहेत, पण त्यांची किंमत मी एकट्याने मोजली नव्हती. तू फोन ठेवलास ते बरोबर होतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, चार वाक्यांत का होईना.

आता एक काम दे मला. तुमच्या अ‍ॅपचा पहिला पडदा तयार झाला, की त्यावरचा मजकूर जसाच्या तसा पाठव, सुधारून नको. आईला वाचून दाखवतो. तिच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे आणि त्या वर्षी तिने मला विचारलं होतं, "माझ्या फोनवर ते येत नाही, म्हणजे मी त्यात धरलेलीच नाही का?" ती ऐकताना जिथे थांबेल आणि "नक्की?" म्हणेल, तिथे मी पेन्सिलने खूण करून तुला परत पाठवीन.

बाबांना नमस्कार सांग. वहिनींना आठवण.

तुझा,
विनायक