स्थळाची चौकशी करताना

सांगली

प्रिय मित्र,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मुलीने स्वतः पसंत केलेल्या मुलाची इथे सांगलीत चौकशी करावी असे तू लिहिले आहेस, आणि त्याच पत्रात तुझी खरी अडचणही मोकळेपणाने सांगितली आहेस. मुलगा तुमच्या घरी दोन तास बसला, पण मुलीविषयी आपुलकीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. उलट गेल्या वर्षी सांगून आलेला दुसरा मुलगा किती गोड, किती भरभरून बोलला होता. मग याचे हिच्यावर खरोखर प्रेम आहे हे ओळखायचे कसे, हा तुझा प्रश्न. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

चौकशी म्हटले की आपण काय विचारतो ते तुला माहीतच आहे. पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, गावाकडे बागायत आहे का, बहिणींची लग्ने झाली का, मुलगा निर्व्यसनी आहे ना. हे सगळे मी विचारले आणि त्यात काही खोट नाही. पण एवढ्यावर समाधान मानून परतणे मला पटले नाही, कारण या उत्तरांतून मुलाकडे काय आहे ते कळते, तो माणूस म्हणून दुसऱ्याशी कसा राहतो ते कळत नाही. म्हणून गावभागातल्या त्यांच्या गल्लीत जुन्या ओळखीच्या माणसांकडे बसून मी वेगळेच विचारले : हा मुलगा आजवर कुणासाठी काय करत आला आहे?

बोलणे साहजिकच २०१९ च्या पुराकडे वळले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते; त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. त्या दिवसांत होड्या घेऊन पुष्कळ तरुण धावले आणि त्यांचे उपकार सांगली विसरणार नाही. हा मुलगाही त्यांच्यात होता, पण शेजाऱ्यांनी मला त्याची होडी सांगितली नाही, त्यांनी चिखल सांगितला. पूर ओसरल्यावर बातमीदार परतले, मदतीच्या गाड्या कमी झाल्या, आणि घराघरांत घोटाभर गाळ, कुजलेले धान्य, फुगून उकललेली कपाटे आणि डोके उठवणारा वास तेवढा उरला. त्यांच्या वाड्याच्या मागच्या खोल्यांत दोन वृद्ध बहिणी भाड्याने राहत होत्या, त्यांना जवळचे असे कुणी नव्हते. हा तेव्हा कॉलेजात होता. स्वतःच्या घरातले आवरून झाल्यावर तो रोज संध्याकाळी त्यांच्या खोल्यांतला गाळ उपसत राहिला, भांडी वाहत्या पाण्याखाली धूत राहिला, आणि पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा त्या दोघींची कागदपत्रे घेऊन तोच उभा होता. याबद्दल तो कुठे बोलल्याचे कुणाला आठवत नाही. संकट ऐन भरात असताना धावून जाणे मोठेच असते, पण लोकांचे लक्ष उडाल्यावरही जो थांबतो त्याच्याविषयी मला अधिक खात्री वाटते.

इथे तू म्हणशील की शेजारणींसाठी गाळ उपसणे निराळे आणि बायकोवर प्रेम करणे निराळे. तुझे म्हणणे रास्त आहे. बाहेर सर्वांच्या उपयोगी पडणारे आणि घरात पाण्याचा पेलाही स्वतः न भरणारे पुरुष आपण दोघांनी पाहिले आहेत. आईची सेवा करतो म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्यांतले काही जण ती सेवा बायकोच्या हातून करून घेतात, हेही पाहिले आहे. म्हणून मी त्याच्या घरी दुपारी, न कळवता गेलो. त्याची आजी दीर्घकाळ अंथरुणावर आहे. तिला जेवण भरवण्याची पाळी त्या दिवशी त्याची होती. मी आलो म्हणून ती त्याने आईवर सोपवली नाही, मला बसायला सांगून आजीचे जेवण आधी पूर्ण केले. आजीला घास किती मऊ लागतो, मध्ये किती वेळ थांबावे लागते, हे त्याच्या हातांना ठाऊक होते. असे हात एका दिवसात तयार होत नाहीत.

मिरजेत डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय काढले तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसे तिथे उपचाराला येत आली आहेत. तिथल्या कुठल्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात तासभर बसून पाहा. भेटीच्या वेळेत शहाळी आणि फळांच्या पिशव्या घेऊन येणारे, कपाळाला हात लावून चार शब्द बोलून जाणारे पुष्कळ असतात. रात्रीची गोळी किती वाजता, लघवीचे भांडे कुठे ठेवले आहे, पेशंटला कुठल्या कुशीवर झोप लागते, हे सांगणारे माणूस मात्र बहुधा एकच असते. फळे आणणाऱ्यांचे प्रेम खोटे असते असे मी म्हणत नाही. पण त्या दोघांत फरक आहे, आणि पेशंटला तो बरोबर कळतो.

आता मुख्य मुद्दा. तू लिहिले आहेस की मुलगा तुमच्याकडे आला तेव्हा नीट बसल्यावर पुन्हा उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि वहिनींना तो चुळबुळ्या वाटला. मी हे तुझ्या मुलीला फोनवर विचारले. तिने जे सांगितले ते तुला सांगायला ती संकोचत होती, म्हणून तिच्या परवानगीने लिहितो. लहानपणच्या दुखण्यानंतर तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे तुम्हा घरच्यांना माहीत आहेच. चारचौघांत तिला ते सांगायला आवडत नाही. तिने त्यालाही ते पुष्कळ उशिरा सांगितले, आणि त्याने त्यावर काही भाष्य केले नाही. मात्र त्या दिवसापासून चालताना, हॉटेलात, एसटीत तो नेहमी तिच्या उजव्या बाजूला असतो. तुमच्याकडे त्याची खुर्ची तिच्या डावीकडे आली होती. तो उठला तो एवढ्यासाठी.

मित्रा, त्या गोड बोलणाऱ्या मुलाने तिच्या आवाजाची, हसण्याची स्तुती केली होती, आणि तिच्या डाव्या बाजूला बसून तासभर केली होती. हे मी त्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही, त्याला माहीत नव्हते. पण तिने किती वेळा मान वळवली ते त्याने पाहिले नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा फरक इथेच आहे. प्रेमाची कृती मोठी किंवा खर्चिक असावी लागत नाही. ती समोरच्या माणसाकडे नीट पाहिल्याशिवाय सुचत मात्र नाही. स्वतःला जे द्यावेसे वाटते ते देणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याला काय हवे आहे ते पाहून, त्यासाठी आपली सवय, आपली जागा बदलणारे फार थोडे.

साताऱ्याला गेलो की मला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आठवण होते. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेल्या. त्यांनी ते वळण सोडून या मुलांना आपलेसे केले, त्यांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांची भाषणे, त्यांची वाक्ये लोकांना पाठ आहेत. लक्ष्मीबाई काय बोलत असत हे आज फारसे कुणी सांगू शकत नाही. तरी त्यांचे त्या मुलांवर प्रेम होते का, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

शब्द नकोतच, असे माझे मत नाही. तुझ्या मुलीला प्रेमाचे बोल ऐकावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि दमलेल्या दिवशी एखादे वाक्य मोठा आधार देते. मी त्या मुलाला हे स्पष्ट सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि 'तिच्याशी बोलतो मी, पण बाकीच्यांसमोर जमत नाही' एवढेच म्हणाला. मला ते खरे वाटले, आणि तुझी मुलगीही तेच सांगते.

आता तुम्ही त्याला पुन्हा घरी बोलावून प्रश्न विचारू नयेत, अशी माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघे मुलीला घेऊन सांगलीला या. गणपतीचे दर्शन घेऊ, हरिपूरला संगमावर जाऊ, दुपारी त्यांच्याकडे जेवण ठेवू. जेवणानंतर ताटे कोण उचलतो, आजीच्या खोलीत कोण जातो, ते वहिनींनी स्वतः पाहावे. येण्याचा दिवस चार दिवस आधी कळवलास तर त्या घरी निरोप देण्याचे मी बघतो.

वहिनींना नमस्कार. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित