अण्णा, आपल्या बँडला पिस्टनचाच बेस बरा

केम्निट्झ (जर्मनी), रविवार

ती. अण्णा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय. आपल्या लग्नाच्या बँडला नवा बेस कोणता घ्यावा, तेही यात सांगतो. तब्येत उत्तम. थंडी आहे, पण जाकीट चांगलं आहे. जेवण वेळेवर. नोकरीचं तुम्हाला माहीतच आहे.

आई, आधी चर्चचं. मी तिथे वाजवतो म्हणून तुला वाटतं तसं काही नाही. आमचं पथक म्हणजे हौशी ब्रास बँड. रविवारच्या प्रार्थनेला वाजवायचं, डिसेंबरात मनोऱ्यावर चढून वाजवायचं, गल्लीतल्या एखाद्या आजींना ऐंशी पूर्ण झाली की त्यांच्या दारात वाजवायचं. माझा धर्म कुणी विचारला नाही. त्यांच्याकडे बेसवाला नव्हता, एवढंच.

आणि अण्णा, "इतकं शिकवलं ते भोंगा फुंकायला का?" असं तुम्ही मन्याजवळ बोललात, ते कळलं मला. नवा ट्युबा, म्हणजे आपला बेस, पथकाच्या पैशातून येतोय, माझ्या खिशातून एक युरो जाणार नाही. मला फक्त पारख करायला बरोबर नेलं होतं. मार्कनोयकिर्शेन म्हणून डोंगरातलं छोटं गाव आहे, 1677 पासून तिथे व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ आहे, पुढे पितळी वाद्यंही तिथेच होऊ लागली. तुम्ही असता तर संध्याकाळपर्यंत हलला नसतात.

इथे ट्युबा म्हणजे बहुतेक रोटरीच. कळ दाबली की पिस्टन खाली जात नाही, आतली फिरकी पाव वळण घेते. बोटाला अंतर कमी, सूर सुरांना चिकटून येतात. बसून वाजवायला फार गोड. मी चार वाद्यं मांडीवर घेतली. तुम्ही शिकवलेलंच केलं: कळ न दाबता तिची नळी थोडी ओढायची, जरा थांबायचं आणि मग कळ दाबायची. 'टप्प' आवाज आला की हवा कुठून निसटत नाही. एकाचा आवाजच आला नाही, आणि तो सगळ्यात चकचकीत होता! दुकानदार पितळाच्या रंगाचं सांगत बसला. तांबं जास्त असलेलं लालसर पितळ, त्याचा आवाज म्हणे भरदार. मला फरक जाणवला तो भोंग्याच्या, म्हणजे वाद्याच्या उघड्या तोंडाच्या, रुंदीचा. रुंद भोंग्यात खालचा सूर पसरतो आणि आपल्या तीन क्लॅरिनेटांच्या मागे हरवून जातो, अरुंद असला की तोच सूर नेमका बसतो. काठाला वेगळ्या धातूची पट्टी असते, ती मात्र आपल्याकडे हवीच. टेम्पोत चढवताना पहिला पोचा तिथेच पडतो.

चौथी कळ सोडू नका. पहिली-तिसरी एकत्र दाबली की सूर चढा लागतो आणि बेसवाला ओठाने ओढत बसतो. चौथीने तेच काम सरळ होतं. इंग्रजी वाद्यांत कॉम्पेन्सेटिंग म्हणून सोय असते, ब्लेकली नावाच्या माणसाने 1874 मध्ये काढलेली. चौथी दाबली की हवा जादा नळ्यांतून पुन्हा फिरते आणि खालचे सूरही जागेवर येतात. पण वजन वाढतं, दमही जास्त लागतो. वरातीत कोण घेईल?

माझं मत सांगतो. रोटरी आपल्यासाठी नाही. तिची फिरकी काढायला कारागीर लागतो, आणि लग्नाच्या ऐन तारखांना इचलकरंजीत तो कुठून आणायचा? पिस्टन काढा, पुसा, तेल घाला, बसवा, पाच मिनिटं. मेरठचा चार पिस्टनचा बी फ्लॅट सुराचा बेस घ्या, आणि चालून वाजवायचं तर फायबरचा सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घालायचा बेस, खांद्याला हलका पडेल.

आई, तू विचारतेस, पोरगा रविवारी घरी सराव का करत नाही. अगं, इथे रविवार म्हणजे शांततेचा दिवस, कायद्याने. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या वाजतात! रोज रात्री दहा ते सकाळी सहाही तेच. आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीनही. शेजारी भांडत नाहीत, चिठ्ठी लावतात. एका ट्रम्पेटवाल्याचा खटला तर थेट वरच्या कोर्टात गेला. 2018 मध्ये निकाल लागला, की साध्या दिवशी दोन-तीन तास, सुट्टीच्या दिवशी एक-दोन तास, साधारण इतकं वाजवू द्यावं. म्हणजे हक्क आहे मला, पण खालच्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात. मी चर्चच्या तळघरात जातो. तिथे वाजतो आपलाच 'बेस', कुणी ओरडत नाही.

आता पैशांचं. या महिन्याचे पाठवले आहेत, नेहमीपेक्षा जास्त. त्यातले हॉलचे पहिले भरा. मनीच्या साखरपुड्याला येणं होत नाही, सुट्टी सगळी लग्नाला राखून ठेवलीय. चार दिवस आधी पोचतो. तिला नीट समजावून सांगा, ती माझ्याशी फोनवर हूं हूं करते. माझ्यासाठी आलेले बायोडेटा सध्या ठेवून द्या. नाही म्हणत नाही, मनीचं होऊ दे आधी.

आणि अण्णा, बेसवाला सोडून गेल्यापासून तुम्हीच वरातीत बेस खांद्यावर घेता, हे मन्याने सांगितलं. तुम्ही मला सांगितलं नाहीत. उरलेले पैसे त्या बेसचे आहेत, मेरठला फोन करा. आणि नवा बेस आला तरी तुम्ही उचलू नका, मन्याच्या मित्राला शिकवा. त्याचे महिन्याचे मी देतो.

पैसे जमा झाले की मन्याकडून कळवा.

तुमचा,
बाळू